आधी नोटीस की आधी वाटणी?

ब्रिटनने युरोपीय संघापासून फारकत घेतली, या प्रकरणाचा ऊहापोह शेतकीच्या मासिकात कशासाठी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल. परराष्ट्रांच्या राजकारणाची चर्चा करावयास दैनिक पत्रे समर्थ आहेत, व त्या कामी आमचा काही अधिकारही नाही. परंतु मावळातील गुलाब आणि नाशिक, सांगली व जुन्नर या बाजूंची द्राक्षे ज्या बाजारपेठेत जातात, तिच्या या फारकतीमुळे एकाच्या दोन बाजारपेठा झाल्या. आमच्या रावेतसारख्या गावांतून पिंपरी व चाकण येथील कारखान्यांत जी मुले कामास जातात, त्यांपैकी काहींच्या मालकांच्या हिशेबाच्या वह्यांतही तिची झळ उमटली. तेव्हा हा विषय आपल्या शिवाराबाहेरचा आहे असे म्हणून चालणार नाही. शिवाय सामाईकातून बाहेर पडताना बोलणी कशी करावी आणि कशी करू नये, याचा इतका खर्चिक वस्तुपाठ अलीकडे दुसरा पाहण्यात नाही. तो दुसऱ्याच्या खर्चाने शिकावयास मिळत असता सोडून देणे शहाणपणाचे होणार नाही.

प्रथम हकीकत सांगतो. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी त्या वेळच्या युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाला. या संघाचा व्यवहार असा की, आतील देशांनी एकमेकांच्या मालावर जकात घ्यावयाची नाही. बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांनी एकच जकात घ्यावयाची. मालाच्या गुणवत्तेचे नियम सर्वांनी मिळून ठरवावयाचे. आणि बाहेरच्या देशांशी व्यापारी तह करावयाचा तो सर्वांच्या वतीने संघाने करावयाचा. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये मतदारांचा कौल घेण्यात आला. त्यात शेकडा ५१.९ मते बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ मते आत राहण्याच्या बाजूने पडली. २९ मार्च २०१७ रोजी ब्रिटनने संघाच्या कराराच्या ५० व्या कलमान्वये नोटीस दिली. त्या कलमात मुदत दोन वर्षांची आहे. दोन वर्षांत बोलणी पुरी झाली नाहीत, म्हणून मुदत तीन वेळा वाढवून घ्यावी लागली, आणि अखेर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. जुने नियम त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तसेच चालू ठेवले होते. पुढील व्यापाराचा करार २४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे ती मुदत संपण्यास एकच आठवडा उरला असता, ठरला. कौलापासून करारापर्यंत साडेचार वर्षे गेली.

महसुली दप्तर सांभाळण्यात आमची उमर गेली असल्यामुळे ही हकीकत वाचताना आमच्या डोळ्यांसमोर एकत्र कुटुंबाच्या जमिनीची वाटणीच येते. वाटणी मागण्याचा हक्क सहधारकास आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या ८५ व्या कलमात धारण केलेल्या जमिनीच्या विभाजनाची तरतूदच आहे. तेव्हा हक्काविषयी तंटा नाही. तंटा होतो तो चार बाबींवर. पहिली, बांध कोठून जावयाचा. दुसरी, मागच्या हिश्श्यास जाण्यायेण्याची वाट कोणाच्या हिश्श्यातून द्यावयाची. तिसरी, सामाईक विहिरीची पाळी. आणि चौथी, सोसायटीचा जो बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढलेला आहे, तो कोणी किती फेडावयाचा. या चार बाबी भाऊबंदांनी घरी बसून आधी ठरविल्या, तर सरस-निरस मानाने वाटप होऊन फेरफार बिनतक्रार मंजूर होतो. त्या न ठरविता जो रागाच्या भरात अर्ज देतो, त्याच्या नशिबी कचेरीच्या खेपा येतात. आणि ज्याच्या हिश्श्यात विहीर व रस्त्याकडची बाजू असते, तो घरी स्वस्थ बसून राहतो; कारण जितके दिवस जातील तितकी अडचण दुसऱ्याची.

ब्रिटनच्या वाटणीतही याच बाबी निघाल्या. बोजा म्हणजे संघाच्या पूर्वी मान्य केलेल्या खर्चातील ब्रिटनचा हिस्सा. तो पुढे सुमारे ३९ अब्ज पौंड ठरला. विहिरीची पाळी म्हणजे व्यापार. कोणता माल जकातीशिवाय जावयाचा व कोणते नियम पाळून जावयाचा, हा प्रश्न. आणि मागच्या हिश्श्याची वाट म्हणजे आयर्लंडची सीमा. आयर्लंड बेटाचा उत्तर भाग ब्रिटनकडे आहे, बाकीचा देश स्वतंत्र असून तो संघात राहिला. या दोहोंमधील सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांबीची. तेथे कित्येक वर्षे रक्तपात झाल्यानंतर १९९८ साली समेट झाला होता, आणि त्या सीमेवर पुन्हा नाके व झडत्या आणणे दोन्ही पक्षांस नको होते. परंतु ब्रिटनने जकातीचा सामाईक व्यवहार मोडावयाचा म्हटल्यावर मालाची तपासणी कोठे तरी करणे भाग होते. एक तर त्या सीमेवर, नाही तर ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामधील समुद्रावर, म्हणजे स्वतःच्याच मुलखाच्या दोन भागांमध्ये. मतदानापूर्वीच्या प्रचारात या वाटेचा विचार फारसा झाला नाही. पुढे सर्व बोलणी याच वाटेवर येऊन अडली. शेवटी तपासणी समुद्रावर गेली, आणि त्या व्यवस्थेतही सुधारणा करण्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडसर येथे पुन्हा नवा ठराव करावा लागला.

आमच्या मते ब्रिटनच्या वाटाघाटीतील मुख्य दोष घरचा विचार पक्का होण्याआधी नोटीस देण्यात आहे. यावर कोणी म्हणेल की, बाकीच्या २७ देशांनी जून २०१६ मध्येच ठरविले होते की, नोटीस मिळाल्याशिवाय बोलणीच करावयाची नाहीत; मग ब्रिटनला दुसरा मार्ग कोणता होता? हा आक्षेप खरा आहे. परंतु नोटीस कोणत्या दिवशी द्यावयाची हे सर्वस्वी ब्रिटनच्या हाती होते, आणि त्याच्या हाती असलेले सर्वांत मोठे पान तेच होते. नोटीस देईपर्यंत काळ कोणाच्याच विरुद्ध धावत नव्हता. नोटीस पडल्या दिवसापासून तो एकट्या ब्रिटनच्या विरुद्ध धावू लागला. कारण दोन वर्षांनंतर करार झाला नाही तर जकातीची भिंत दोघांमध्ये उभी राहणार. आणि २७ देशांच्या व्यापाराच्या मानाने ती भिंत एका देशास फार अधिक जाचणार, हे उघड होते.

नोटिशीपूर्वी घरात काय ठरले होते? १७ जानेवारी २०१७ रोजी त्या वेळच्या मुख्य प्रधान थेरेसा मे यांनी जाहीर केले की, संघाची एक बाजारपेठ आपण सोडणार आणि जकातीचा सामाईक व्यवहारही सोडणार. व करार वाईट मिळत असेल तर त्यापेक्षा कराराविना बाहेर पडणे पत्करू. हे बोल जाहीर सभेत शोभण्याजोगे होते. परंतु पार्लमेंटमधील सभासद त्यांवर एकमत आहेत की नाहीत, हे कोणी पाहिले नव्हते. नोटीस दिल्यानंतर ८ जून २०१७ रोजी निवडणूक घेतली, तीत त्यांच्या पक्षाचे बहुमतच गेले. इकडे संघातर्फे बोलणी करणारे मिशेल बार्नियर यांची भूमिका पहिल्या दिवसापासून लेखी व जाहीर होती: आधी नागरिकांचे हक्क, पैशांचा हिशेब आणि आयर्लंडची सीमा; त्यांत पुरेशी प्रगती झाल्यावर मग व्यापार. ब्रिटनला सर्व बाबी एकत्र घ्यावयाच्या होत्या. परंतु जून २०१७ मधील पहिल्याच बैठकीत संघाचा क्रम मान्य करावा लागला. ज्याने आधी बोजा कबूल केला त्याच्या हाती विहिरीच्या पाळीसाठी देण्यासारखे काय उरते, हे वाटणीच्या कामात बसलेल्या कोणत्याही पंचास सांगावे लागणार नाही.

पुढे जो करारनामा तयार झाला, तो ब्रिटनच्या पार्लमेंटनेच १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. त्यानंतर मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला. समोरच्या पक्षाशी सही करून आलेल्या प्रतिनिधीस घरचेच लोक नाकारतात, तेव्हा त्याच्या पुढच्या शब्दास किंमत राहत नाही. घरात एकी असल्याखेरीज दारात बोलणी करू नयेत, ही आपल्या खेड्यांतील जुनी समजूत आहे. तिचा प्रत्यय एवढ्या मोठ्या राज्यालाही चुकला नाही.

कराराविना बाहेर पडण्याची धमकी का फळास आली नाही, तेही पाहण्यासारखे आहे. भाव पटला नाही तर माल परत नेतो, असे बाजारात म्हणणाऱ्या शेतकऱ्याजवळ माल ठेवावयास शीतगृह आहे की नाही, हे अडत्यास ठाऊक असते. शीतगृह असेल तर तो भाव वाढवितो, नसेल तर हसतो. कराराविना बाहेर पडावयाचे, तर बंदरांवर जकातीची माणसे, तपासणीच्या जागा, औषधांचे व धान्याचे साठे, सर्व सिद्धता आधी हवी. ती पुरी झालेली नाही, हे बोलणाऱ्यांसही ठाऊक होते व ऐकणाऱ्यांसही. धमकीचे वजन तिच्यामागील तयारीइतकेच असते.

आता या प्रकाराने व्यापारावर काय ओढवले ते पाहू. कौलाचा निकाल लागताच २४ जून २०१६ रोजी डॉलरच्या मानाने पौंडाचा भाव एकतीस वर्षांतील नीचांकास गेला. आपल्याकडील हुंडणावळीत शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड काही आठवड्यांत नव्वदीच्या खाली आला. ज्याचे दहा हजार पौंड येणे होते, त्याच्या दहा लाखांचे नऊ लाखही राहिले नाहीत. माल तोच, वजन तेच, प्रत तीच. दूरच्या देशातील मतपेटीमुळे घरात येणारा पैसा एक लाखाहून अधिक घटला. हा तोटा कोणी सोसावयाचा हे ज्यांच्या करारात लिहिलेले नव्हते, त्यांच्याकडे तो वरून खाली येत अखेर माल पिकविणाऱ्यापर्यंत येण्याचाच संभव अधिक.

हुंडणावळीचा धक्का निदान एकदाच बसतो. त्याहून वाईट ती अनिश्चितता. द्राक्षबागायतदारास हे विस्ताराने सांगावयास नको. ऑक्टोबरची छाटणी केली की सुमारे चार महिन्यांनी माल हाती येतो. म्हणजे फेब्रुवारी-मार्चचा माल कोठे जावयाचा, तो कोणत्या नियमात बसला पाहिजे, कोणती औषधे मारावयाची नाहीत, याचा निर्णय छाटणीच्या दिवशीच करावा लागतो. २०१८ साली ही छाटणी झाली, तेव्हा ब्रिटन २९ मार्च २०१९ रोजी, म्हणजे ऐन काढणीत, बाहेर पडणार होता. करार होणार की नाही ते ठाऊक नव्हते. २०१९ ची छाटणी चालू असता तारीख ३१ ऑक्टोबरची होती, तीही टळली. २०२० ची छाटणी झाली, व्हॅलेंटाईनच्या बाजारासाठी गुलाबाचीही छाटणी डिसेंबरात उरकली, आणि त्यानंतर २४ डिसेंबरास करार झाला. लागोपाठ तीन मोसम नियम ठाऊक नसता पीक धरावे लागले. जकात शेकडा आठ असो की दहा, ती ठाऊक असेल तर व्यापारी भावात धरतो. ठाऊक नसलेली जकात कशी धरावयाची? तो आपल्या भीतीपुरते पैसे आधीच कापून ठेवतो. अनिश्चिततेची जकात सरकारी दप्तरात नोंदली जात नाही, पण वसूल मात्र होते.

कारखानदारीत हेच झाले. टाटा मोटर्स, जिचा मोठा कारखाना आपल्या पिंपरी-चिंचवडात आहे, तिने २००८ साली जॅग्वार व लँड रोव्हर हा ब्रिटिश मोटारींचा धंदा फोर्ड कंपनीकडून विकत घेतला. या मोटारींचे सुटे भाग युरोपातून ब्रिटनमध्ये येतात व तयार मोटारी ब्रिटनमधून युरोपात जातात. करार बिघडल्यास वर्षाकाठी १.२ अब्ज पौंडांहून अधिक नुकसान होईल, असा इशारा तिच्या प्रमुखांनी जुलै २०१८ मध्ये दिला होता. २९ मार्च २०१९ ची तारीख धरून या कंपनीने एप्रिलमध्ये आठवडाभर ब्रिटनमधील कारखाने बंद ठेवण्याचे आधीच ठरविले, म्हणजे बंदरात सुटे भाग अडकले तरी काम विस्कळीत होऊ नये. तारीख ऐन वेळी पुढे गेली. कारखाने मात्र ठरल्याप्रमाणे बंद राहिले, कारण शेकडो पुरवठादारांची व हजारो कामगारांची व्यवस्था एका रात्रीत फिरविता येत नाही. २०१८ च्या शेवटच्या तिमाहीत टाटा मोटर्सला सुमारे २७ हजार कोटी रुपयांचा तोटा दाखवावा लागला. न्यायाने बोलावयाचे तर त्याची मुख्य कारणे चीनमधील मंदी, डिझेल मोटारींची घटलेली मागणी आणि त्यापायी धंद्याची किंमत वहीत कमी करणे, ही होती. फारकत हे त्यांतील एक कारण. परंतु धंदा आधीच अडचणीत असता वर अनिश्चिततेचा बोजा पडला म्हणजे काय होते, हे त्यावरून दिसते.

फारकत झाल्यावरही घोळ संपला नाही. युरोपातून येणाऱ्या शेतमालाची व प्राणिजन्य पदार्थांची तपासणी ब्रिटनने सुरू करावयाची होती. ती वारंवार पुढे ढकलली गेली. दाखल्यांचा नियम ३१ जानेवारी २०२४ पासून आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ पासून लागू झाली. त्यासाठी पोर्टस्मथ बंदरात जी मोठी इमारत बांधली होती, तिचा बराच भाग नियम बदलल्यामुळे वापराविना राहिला. आणि १९ मे २०२५ रोजी ब्रिटन व संघ यांनी लंडन येथे ठरविले की, वनस्पती व खाद्य पदार्थांच्या आरोग्यविषयक नियमांची एक सामाईक व्यवस्था करण्यासाठी बोलणी करावीत. ज्या पाळीवरून वेगळे झाले, त्याच विहिरीवर नऊ वर्षांनी पुन्हा पाळी ठरवावयास बसले.

मग ब्रिटनने बाहेर पडावयासच नको होते काय? असे आमचे म्हणणे नाही. एकत्र राहावे की विभक्त व्हावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. विभक्त होऊन भरभराटीस आलेली घरे प्रत्येक गावात आहेत. स्वतःचे कायदे स्वतः करावेत, आपल्या दारात कोणी यावे हे आपण ठरवावे, ही इच्छा गैर आहे असे कोण म्हणेल? शिवाय फारकतीचा एक लाभ आपल्यालाही झाला. ब्रिटन संघात असता त्याला आपल्याशी वेगळा व्यापारी तह करताच आला नसता. बाहेर पडल्यावर जानेवारी २०२२ मध्ये बोलणी सुरू झाली आणि २४ जुलै २०२५ रोजी उभय देशांच्या करारावर सह्या झाल्या. त्यात आपल्या मालाच्या जकातीच्या सुमारे ९९ टक्के बाबींवर ब्रिटनने जकात माफ करावयाचे मान्य केले. आणि दूधदुभते, सफरचंद, ओट व खाद्यतेले या बाबी आपल्या सरकारने सवलतीतून बाहेर राखल्या.

या करारातही मुदतीचाच धडा आहे. एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटनचे मुख्य प्रधान बोरिस जॉन्सन दिल्लीस आले, तेव्हा दिवाळीपर्यंत करार करावयाचा असे जाहीर झाले. दिवाळी आली व गेली, करार झाला नाही. त्यानंतर ब्रिटनने तारखेचा नाद सोडला. करार महत्त्वाचा, दिवस नव्हे, असे धोरण धरले. बोलणी ६ मे २०२५ रोजी पुरी झाली. तीन वर्षे लागली खरी, पण तारखेच्या पायी कोणास नको ते द्यावे लागले नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशाचे आहे. पूर्व आशिया व प्रशांत महासागराकडील देशांचा प्रादेशिक व्यापारी करार, ज्यास संक्षेपाने आरसेप म्हणतात, त्याच्या बोलण्यांत भारतासह १६ देश होते. न्यूझीलंडची दूधभुकटी व चिनी माल जकातीशिवाय आत आल्यास आपले काय होईल, या चिंतेने दूध उत्पादकांनी व शेतकरी संघटनांनी देशभर विरोध केला. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने करारात सामील न होण्याचे जाहीर केले. बाकीच्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सह्या केल्या. तो निर्णय योग्य की अयोग्य, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत व ते राहतील. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, सही करण्यापूर्वी बैठकीतून उठून येण्यास फारसा खर्च पडला नाही. कोणाची नोटीस नाही, बोजा नाही, वाटेचा तंटा नाही. ४७ वर्षे एकत्र राहून, सर्व धंदा त्या घराच्या मांडणीवर बसविल्यानंतर जो उठतो, त्याचा खर्च निराळा असतो. म्हणून बाहेर पडण्याचा विचार आत शिरतानाच करावयाचा असतो.

आता यातून आपण काय घ्यावयाचे, ते थोडक्यात सांगतो. पहिले, जे सभासद परदेशी माल पाठवितात त्यांच्यासाठी. निर्यातदाराशी लिखापढी करताना हुंडणावळ घसरल्यास तोटा कोणाचा, नियम बदलून माल बंदरात अडकल्यास भाडे कोणाचे, या दोन गोष्टी कागदावर आल्याच पाहिजेत. भाव दोन रुपये कमी मिळाला तरी चालेल, पण हे कलम सोडू नये. २०१० सालच्या मोसमात क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशापायी युरोपात अडकलेली द्राक्षे बागायतदार विसरलेले नाहीत. त्या वेळी नियमांची यादी एक होती. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनची औषधांच्या अंशांची यादी निराळी आणि संघाची निराळी. सुरुवातीस दोन्ही सारख्या होत्या, पुढे त्यांत अंतर पडू लागले. तेव्हा फवारणीची वही ठेवताना दोन्हींपैकी जी मर्यादा कडक असेल ती धरावी, म्हणजे माल दोहोंकडे जाऊ शकतो. ज्याचा माल दोन दरवाज्यांतून जाऊ शकतो त्याला एका दरवाज्यावर हात जोडून उभे राहावे लागत नाही.

दुसरे, जे सभासद सहकारी संस्थेत वा उत्पादक कंपनीत आहेत त्यांच्यासाठी. अलीकडे संस्थेत जरा खटका उडाला की आठदहा जण राजीनामे देऊन नवी संस्था काढावयास निघतात. त्यांनी आधी पाहावे की, पॅकहाऊस कोणाच्या नावावर आहे, शीतगृहाचे कर्ज किती उरले आहे व त्यास जामीन कोण आहे, मालाचे नाव व छाप कोणाच्या मालकीची आहे, आणि खरेदीदाराचा करार संस्थेशी आहे की सभासदांशी. पर्यायी पॅकहाऊसची व्यवस्था लेखी होईपर्यंत राजीनामा खिशात ठेवावा. आणि जेथे संस्था अजून स्थापन व्हावयाची आहे, तेथे पोटनियमांत बाहेर पडण्याची रीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. लग्नाच्या मांडवात फारकतीची बोलणी अशुभ वाटतात हे खरे, पण संस्था म्हणजे लग्न नव्हे, तो व्यवहार आहे.

तिसरे, घरच्या वाटणीविषयी. पवनेच्या काठची आमची गावे शहरात गेली आणि जमिनीस सोन्याचा भाव आला. त्यामुळे चार पिढ्या न झालेल्या वाटण्या आता वकिलाच्या नोटिशीने सुरू होतात. नोटीस गेल्या दिवसापासून घरातील बोलणे बंद होते व काळ कोणाच्या तरी विरुद्ध धावू लागतो. बहुधा ज्याला मुलीचे लग्न करावयाचे आहे किंवा ज्याच्यावर कर्ज आहे, त्याच्याच विरुद्ध. तेव्हा बांधवांनी आधी मोजणी करून घ्यावी, वाट नकाशावर दाखवावी, विहिरीची पाळी दिवस-तासांनिशी लिहावी, बोजा वाटून घ्यावा, बहिणींचा हिस्सा न्यायाने धरावा. आणि मगच अर्ज द्यावा. वाट ठरविण्यात दोन महिने गेले तरी ते वाया गेले असे समजू नये. न ठरलेल्या वाटेचा तंटा मामलेदार कोर्टात कित्येक वर्षे चालतो, आणि तेवढी वर्षे मागच्या हिश्श्याचे पीक डोक्यावरून वाहून आणावे लागते.

ब्रिटनच्या सरकारी हिशेबनिसांच्या कार्यालयाने असा अंदाज केला आहे की, संघात राहिला असता तर जी उत्पादनक्षमता असती तिच्यापेक्षा दीर्घ काळात ती शेकडा चारने कमी राहील. अंदाज चुकूही शकतो, आणि स्वातंत्र्याची किंमत टक्क्यांत मोजता येत नाही असे म्हणणारेही तेथे आहेत. परंतु साडेचार वर्षांच्या अनिश्चिततेत जे गेले ते विभक्त झाल्यामुळेच सर्व गेले असे नव्हे. त्यातील पुष्कळ भाग विभक्त होण्याच्या रीतीमुळे गेला. तो वाचविता आला असता. आमच्या वाचकांपैकी ज्यांना पुढील वर्षात कोणत्याही सामाईकातून बाहेर पडावयाचे असेल, मग ते सामाईक घरचे असो, संस्थेचे असो की व्यापाराचे, त्यांनी नोटिशीचा कागद लिहिण्यापूर्वी बांध, वाट, पाणी व बोजा या चार बाबींची उत्तरे दुसऱ्या एका कागदावर लिहून पाहावीत. चारही उत्तरे लिहिता आली, तर नोटीस खुशाल द्यावी. एक जरी जागा कोरी राहिली, तर नोटीस पेटीत ठेवावी व आधी ती जागा भरावी.